हिरवा स्कार्फ आणि बारा कार्डे : एका कर्जप्रकरणाचा अभ्यास

प्रकरणाची ओळख

'कन्फेशन्स ऑफ अ शॉपाहोलिक' हा चित्रपट १३ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. लेहमन ब्रदर्स या बड्या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केल्याला तेव्हा जेमतेम पाच महिने उलटले होते. ज्या आठवड्यांत लोक नोकऱ्या आणि घरे गमावत होते, त्याच आठवड्यांत पडद्यावर एक तरुणी महागड्या दुकानांच्या पिशव्या उराशी धरून हसत होती. पुष्कळ समीक्षकांना ही वेळ खटकली. तरीही चित्रपटाने जगभरात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरचा गल्ला जमवला. दिग्दर्शक पी. जे. होगन, निर्माते जेरी ब्रुकहायमर, नायिकेच्या भूमिकेत आयला फिशर आणि नायकाच्या भूमिकेत ह्यू डॅन्सी, अशी ही रीतसर प्रेमकथा आहे. तिचा आधार सोफी किन्सेला यांच्या कादंबरीमालिकेतील पहिल्या दोन कादंबऱ्या आहेत.

प्रस्तुत टिपणात मात्र प्रेमकथा बाजूला ठेवून या चित्रपटाकडे एक कर्जप्रकरण म्हणून पाहिले आहे. ऋणको रेबेका ब्लूमवुड असून ती न्यूयॉर्कमध्ये मैत्रिणीसोबत राहणारी नोकरदार पत्रकार आहे. कर्ज क्रेडिट कार्डांवरचे असून थकबाकी सोळा हजार डॉलरच्या वर गेलेली आहे. तारण काहीही नाही. कार्डांची संख्या खुद्द नायिकेनेच चित्रपटाच्या सुरुवातीला सांगून टाकली आहे. लहानपणी तिने मोठ्या बायकांना पैशांऐवजी जादूची कार्डे देऊन वस्तू घेताना पाहिले, तसे एखादे कार्ड आपल्यालाही मिळावे असे तिला वाटले, आणि पुढे तिच्याकडे तशी बारा कार्डे जमली.

हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की, चित्रपटाने खरेदीच्या ओढीचे निरीक्षण बरेच बारकाईने केले आहे, पण कर्जाचा हिशेब जवळजवळ केलेलाच नाही. रेबेकाचे कपाट प्रेक्षकाला आतून-बाहेरून पाठ होते, तिच्या बिलाचा एकही कागद मात्र नीट वाचायला मिळत नाही. या टिपणाचा भर त्या कागदावर आहे.

काउंटरवरील प्रसंग

प्रकरणाचा पहिला महत्त्वाचा प्रसंग एका हिरव्या स्कार्फच्या खरेदीचा आहे. रेबेका 'अलेट' या फॅशन मासिकाच्या मुलाखतीला निघाली आहे. वाटेत दुकानाच्या काचेत तिला तो स्कार्फ दिसतो. काउंटरवर ती किंमत चुकती करण्याची जी रीत अवलंबते, ती अभ्यासण्याजोगी आहे. थोडी रक्कम रोख, थोडी एका कार्डावर, थोडी दुसऱ्यावर, उरलेली आणखी एकावर, अशी ती विभागणी करते, आणि त्यातले शेवटचे कार्ड नाकारले जाते. वीस डॉलर कमी पडतात. मग ती रस्त्यावरच्या हॉट डॉगच्या गाडीपाशी धावते आणि विक्रेत्याला गळ घालते की, तुमचे सगळे हॉट डॉग मी चेकने विकत घेते, वरचे पैसे मला रोख द्या. सबब म्हणून आजारी मावशी पुढे केली जाते, स्कार्फ तिच्यासाठी हवा आहे म्हणून. रांगेत उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ कंटाळून तिच्या हातावर वीस डॉलर ठेवतो. तोच पुढे तिचा संपादक आणि प्रियकर होणारा ल्यूक ब्रँडन.

प्रेक्षक या प्रसंगाला हसतो, आणि हसावे असाच तो रचलेला आहे. पण कर्जाच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला यात दोन खुणा दिसतील. पहिली म्हणजे एकाच वस्तूची किंमत अनेक कार्डांवर वाटावी लागते, याचा अर्थ प्रत्येक कार्डाची मर्यादा जवळजवळ संपलेली आहे. ही याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याची अवस्था झाली, आणि ती एका दिवसात येत नाही. दुसरी खूण अधिक गंभीर आहे. कार्ड नाकारले जाणे हा सावध होण्याचा क्षण असतो. रेबेकाच्या लेखी मात्र ती निव्वळ तांत्रिक अडचण आहे, आणि ती सोडवण्यासाठी ती चेक, मावशी, अनोळखी माणूस असे जे हाताला लागेल ते वापरते. वस्तू नाकारण्याचा पर्याय त्या पाच मिनिटांत तिच्या मनाला शिवतही नाही.

कार्डाने पैसे देताना माणसाचा हात सैल सुटतो, हा केवळ वडीलधाऱ्यांचा समज नाही. ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या एमआयटीमधील दोन अभ्यासकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली मागवली होती. काहींना रोख भरायला सांगितले होते, तर काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. हे विद्यार्थी पैशाचेच शास्त्र शिकत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे रेबेकाला एकट्याने वेडी ठरवणे कठीण जाते.

थकबाकीचे गणित

चित्रपटात व्याजदर सांगितलेला नाही. म्हणून हिशेबासाठी वार्षिक १८ टक्के, म्हणजे दरमहा दीड टक्का, असा दर गृहीत धरू, आणि थकबाकी सोयीसाठी १६,००० डॉलर मानू. पहिल्याच महिन्याचे व्याज २४० डॉलर होते. कार्ड कंपनीने किमान देय रक्कम शिल्लकेच्या २ टक्के ठरवली असेल, तर ती ३२० डॉलर येते. रेबेकाने ती इमानेइतबारे भरली तरी मुद्दल फिटते फक्त ८० डॉलर. पुढच्या महिन्यात शिल्लक किंचित कमी झाल्यामुळे किमान रक्कमही किंचित कमी होते, आणि कर्ज असे हळूहळू झिजत राहते. एकही नवी वस्तू न घेता याच पद्धतीने भरणा चालू ठेवला, तर थकबाकी निम्म्यावर यायला सुमारे साडेअकरा वर्षे लागतात. हाच आकडा बहुतेक कार्डधारकांना ठाऊक नसतो.

तिने किमान रकमेचा नाद सोडून दरमहा ठरावीक ३२० डॉलर भरायचे ठरवले, तर कर्ज पावणेआठ वर्षांत फिटते, आणि एकूण भरणा तीस हजारांच्या घरात जातो. दरमहा ४०० भरले तर सव्वापाच वर्षांच्या आत सुटका होते, आणि व्याजापोटी सुमारे ८,६०० डॉलर जातात. तीन वर्षांत मोकळे व्हायचे असेल तर दरमहा सुमारे ५७८ डॉलर बाजूला काढावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये भाडे भरून राहणाऱ्या सामान्य पगाराच्या पत्रकाराला हा आकडा जड आहे, पण अशक्य नाही. नुसती किमान रक्कम भरत राहणे आणि हा शेवटचा पर्याय यांत सुरुवातीला महिन्याला २५८ डॉलरचाच फरक आहे, आणि मुदतीत मात्र दशकांचा. चित्रपटातील एकाही पात्राने हा फरक रेबेकासमोर कागदावर मांडलेला नाही. ती ज्या मासिकात नोकरी करते त्याचे नावच 'सक्सेसफुल सेव्हिंग' आहे, हे पाहता ही उणीव विशेष डोळ्यांत भरते.

आणखी एक बारकावा हिशेबात धरला पाहिजे. मागची बाकी पूर्ण न फेडता पुढे नेली की कार्डावरची बिनव्याजी मुदत साधारणपणे उरत नाही, आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. त्यामुळे हिरव्या स्कार्फचा जो भाग कार्डांवर टाकला, त्याचे व्याज रेबेका मुलाखतीच्या खोलीत पोहोचण्याआधीच सुरू झालेले असणार.

बँकांना असे दर लावता कसे येतात, या प्रश्नाचे उत्तर १९७८ मध्ये सापडते. त्या वर्षी 'मार्केट नॅशनल' (Marquette) या बँकेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, राष्ट्रीय बँकेला आपल्या मूळ राज्यात चालणारा व्याजदर दुसऱ्या राज्यातील ग्राहकालाही लावता येईल. दक्षिण डकोटा राज्याने व्याजावरची मर्यादा उठवली, आणि सिटीबँकेने १९८१ साली आपला कार्डांचा व्यवसाय न्यूयॉर्कहून त्या राज्यातील सू फॉल्स या गावी हलवला. तेव्हापासून न्यूयॉर्कच्या रहिवाशाला न्यूयॉर्कच्या कायद्यातील व्याजमर्यादेचा आधार व्यवहारात उरला नाही. रेबेकाची पिढी या व्यवस्थेत जन्मली आणि वाढली.

लपवाछपवी

या प्रकरणातील खरा बिघाड, प्रस्तुत लेखकाच्या मते, खरेदीपेक्षा लपवाछपवीत आहे. रेबेकाच्या असत्यांची यादी केली तर ती कपड्यांच्या यादीशी स्पर्धा करील. नोकरीच्या अर्जात फिनिश भाषा उत्तम येते असे ती लिहिते. 'सक्सेसफुल सेव्हिंग'च्या मुलाखतीच्या वेळी स्कार्फ दाराबाहेर दडवते, कारण समोर बसलेला संपादक तोच वीस डॉलरवाला गृहस्थ निघाला आहे. वसुलीसाठी फोन करणारा डेरेक स्मीथ हा आपला पिच्छा पुरवणारा जुना प्रियकर आहे, असे ती सांगते. यांतले प्रत्येक असत्य त्या-त्या वेळी लहान आहे आणि विनोदी आहे. पण शेवटच्या असत्यामुळे एक गोष्ट घडते, ती विनोदाच्या भरात सुटून जाते. कर्जाची माहिती ज्यांना उपयोगी पडली असती अशा बहुतेक माणसांपासून ते कर्ज दूर राहते. ल्यूक पैशाविषयी लिहिणारा संपादक आहे. तिचे आईवडील काटकसरी आहेत. कर्जाची कल्पना असते ती एकाच घरात राहणाऱ्या मैत्रिणीला, सूझला. मदतीची एवढी माणसे हाताशी असताना रेबेका जवळजवळ एकटीच कर्जाशी झुंजत राहते, कारण मदत मागायची तर आधी खरे सांगावे लागेल.

दुसऱ्या बाजूने पाहता, याच काळात तिची लेखणी बहरते. वर्तमानपत्री अर्थतज्ज्ञांच्या भाषेत लिहिणे तिला जमत नाही. एका सेलमधून घेतलेला कोट शंभर टक्के काश्मिरी लोकरीचा नाही, हे लेबल वाचल्यावर तिला कळते, आणि त्या फसवणुकीवरून तिला स्तंभाचा विषय सुचतो. 'हिरव्या स्कार्फमधली मुलगी' या टोपणनावाने लिहिलेला तो स्तंभ पाहता पाहता लोकप्रिय होतो. इथे चित्रपट एक अचूक गोष्ट सांगून जातो. बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा, हा सल्ला ती हजारो वाचकांना देऊ शकते, आणि तरीही स्वतःच्या कार्डाच्या करारातली बारीक अक्षरे तिने वाचलेली नसतात. ज्ञान असणे आणि ते स्वतःला लागू करणे यांत केवढे अंतर असते, हे दाखवण्यासाठी लेखकांनी तिला आर्थिक पत्रकार केले, ही निवड दाद देण्याजोगी आहे.

वसुली अधिकाऱ्याची बाजू

मूळ कादंबरीत आणि चित्रपटात एक मोठा फरक आहे, आणि कर्जाच्या दृष्टीने तो सर्वांत बोलका आहे. २००० साली निघालेल्या मूळ कादंबरीची कथा लंडनमध्ये घडते, आणि तिथला डेरेक स्मीथ हा रेबेकाच्या बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक आहे. तो तिला पत्रे लिहितो, भेटीला बोलावतो, आणि ती दर वेळी नवी सबब कळवते. चित्रपटात कथा न्यूयॉर्कला आली आणि स्मीथ वसुली करणारा माणूस झाला. शाखेतला व्यवस्थापक आपल्या खातेदाराला चेहऱ्याने ओळखतो, त्याच्याशी रदबदली करता येते, त्याला वाट पाहायला लावता येते. वसुलीवाल्याला फक्त आकडा आणि फोन क्रमांक दिलेला असतो. पटकथाकारांना खलनायक हवा होता म्हणून हा बदल झाला असेल, पण न्यूयॉर्कमधील थकलेल्या कार्डधारकाला प्रत्यक्षात जो माणूस भेटतो, तो असाच असतो.

स्मीथचा रेबेकाशी शेवटचा संघर्ष दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत होतो. प्रसिद्ध स्तंभलेखिका म्हणून ती मुलाखत देत असताना हा गृहस्थ प्रेक्षकांतून उठतो आणि तिचे कर्ज चव्हाट्यावर मांडतो. तिची नोकरी जाते, ल्यूक दुरावतो. प्रेक्षकाला वाटते, खोटे बोलल्याचे फळ मिळाले. कायद्याच्या नजरेतून मात्र इथे पारडे उलटे होऊ शकते. अमेरिकेत १९७७ पासून न्याय्य कर्जवसुलीचा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार दुसऱ्याच्या वतीने वसुली करणाऱ्या संस्थेला सामान्यतः सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ नंतर ऋणकोला फोन करता येत नाही, आणि काही मोजके अपवाद वगळता कर्जाची वाच्यता तिऱ्हाइताजवळ करता येत नाही. ऋणकोने लेखी कळवले की संपर्क थांबवावा लागतो. स्मीथ अशा त्रयस्थ संस्थेचा माणूस असेल, तर देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमात कर्ज जाहीर करणे हा या कायद्याचा ढळढळीत भंग ठरेल, आणि रेबेकाला त्याच्यावर दावा लावून नुकसानभरपाई मागता येईल.

चित्रपटात कोणीही हा मुद्दा काढत नाही. कर्जबाजारी माणसाला लाजच एवढी वाटते की आपल्यालाही काही हक्क आहेत, हे त्याच्या गावी नसते. वसुलीचा धंदा बऱ्याच अंशी या लाजेच्या भांडवलावर चालतो, आणि रेबेकाने प्रियकराचे खोटे रचून ते भांडवल स्मीथच्या हाती आयते ठेवले.

सवय की आजार

रेबेकाची खरेदी हा निव्वळ चैनीचा प्रकार नाही, याची चित्रपटाला जाण आहे. खरेदी केली की जग सुंदर वाटते, मग ते तसे राहत नाही, आणि पुन्हा खरेदी करावी लागते, अशा आशयाचे तिचे बोलणे कुठल्याही व्यसनी माणसाच्या तोंडी शोभेल. खरेदीच्या अनावर ओढीला जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्वतंत्र नाव दिले होते. तरीही अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या ओढीला स्वतंत्र विकार म्हणून जागा मिळाली नाही.

चित्रपटाने जिथे सोपी वाट धरली ती जागा वेगळी आहे. दुकानांतले बोलणारे, खुणावणारे पुतळे, सेलमध्ये बुटांसाठी झुंजणाऱ्या बायका, आणि काटकसरीने वागणारे पुरुष, असे चित्र त्यात आहे. स्टॅनफर्डमधील लॉरिन कोरन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील ५.८ टक्के प्रौढांत अशी ओढ आढळली होती. स्त्रियांत हे प्रमाण ६ टक्के आणि पुरुषांत ५.५ टक्के होते, म्हणजे फरक नगण्य. पुरुषाने गाडीच्या सुट्या भागांवर किंवा कॅमेऱ्याच्या भिंगांवर पैसे उधळले की त्याला छंद म्हणतात, एवढाच काय तो फरक असावा.

उपचाराच्या बाबतीतही चित्रपट अर्ध्यावर थांबतो. सूझच्या आग्रहाने रेबेका खरेदीच्या व्यसनींच्या एका गटात जाते. त्यातली एक गटप्रमुख तिला नुकतेच घेतलेले सगळे कपडे दान करायला लावते. त्या कपड्यांत सूझच्या लग्नात करवलीने घालायचा पोशाख असतो, आणि दूरचित्रवाणीच्या मुलाखतीसाठीचाही. दानाच्या दुकानात ते परत विकत घ्यायला गेल्यावर तिला एकच परवडतो, आणि ती मुलाखतीचा पोशाख निवडते. सूझ दुखावते, आणि तिचे दुखावणे रास्त आहे. पैशाअभावी करायच्या निवडीत माणसाच्या मनात कोणाची जागा किती वर आहे ते उघडे पडते, हे या एका प्रसंगात फार नेमके उतरले आहे. कर्जबाजाऱ्यांसाठीची अशी परस्परसाहाय्य मंडळे अमेरिकेत खरोखर आहेत. 'डेटर्स ॲनॉनिमस' ही त्यांतली प्रसिद्ध संघटना १९७६ पासून काम करते. क्रेडिट समुपदेशन करणाऱ्या ना-नफा संस्थांचे राष्ट्रीय मंडळ तर १९५१ पासून आहे. अशी संस्था सर्व धनकोंशी बोलून व्याज कमी करून घेते, एकच मासिक हप्ता बांधून देते, आणि साधारण तीन ते पाच वर्षांत कर्ज फेडवून घेते. बदल्यात कार्डे बहुधा बंद करावी लागतात. रेबेकाच्या रोगावर हेच सरळ औषध होते. पण हप्त्यांच्या पाच वर्षांवर प्रेमकथा रचता येत नाही.

परतफेड

वडील आपली फिरती घरगाडी विकून मदत करायला तयार होतात. अमेरिका एवढी कर्जात असून कोसळली नाही, मग तू का कोसळावीस, असे ते मुलीला धीर देताना म्हणतात. रेबेका ही मदत नाकारते. वर्षानुवर्षे साठवून घेतलेली गाडी आपल्या चैनीपायी विकली जाऊ नये, असे तिला वाटते. संपूर्ण प्रकरणात ऋणकोने घेतलेला हा पहिला जबाबदार निर्णय होय. 'अलेट' मासिकाची नोकरी दारात चालून येते तेव्हा तीही ती नाकारते.

शेवटी गटातली मंडळी तिच्या कपड्यांचा जाहीर लिलाव मांडतात. हिशेबाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत लंगडा आहे. वापरलेल्या कपड्याला मूळ किमतीच्या तुलनेत फारच थोडा भाव मिळतो, हे जुन्या कपड्यांच्या बाजारात गेलेल्या कोणालाही माहीत असते. सोळा हजारांची फेड एका संध्याकाळच्या विक्रीतून होण्यासाठी मूळ खरेदी त्याच्या कितीतरी पट असायला हवी. शिवाय चढत गेलेल्या व्याजापोटी विकायला काहीच वस्तू नसते. तरीही लिलाव रंगतो, आणि उरलेली तूट हिरव्या स्कार्फवर लागलेल्या ३०० डॉलरच्या बोलीने भरून निघते. ही बोली ल्यूकच्या सांगण्यावरून लावलेली होती, हे नंतर उघड होते. म्हणजे पहिले वीस डॉलर त्याचे आणि शेवटचे तीनशेही त्याचेच. वडिलांची मदत नाकारणाऱ्या रेबेकाची फेड नकळत प्रियकराच्या मदतीनेच पुरी झाली, याची नोंद चित्रपट करत नाही, हिशेबाच्या वहीत मात्र ती करावीच लागेल.

स्मीथला ती सारी रक्कम चिल्लर करून देते. सगळी रक्कम एक सेंटच्या नाण्यांत दिली असती, तर अडीच ग्रॅमच्या एका नाण्याच्या हिशेबाने १६,००० डॉलरचे वजन चार टन भरले असते. अमेरिकेत नाणी कोणत्याही रकमेच्या कर्जासाठी कायदेशीर चलन आहेत, त्यामुळे तिच्या सुडाला कायद्याची हरकत नव्हती. हाच प्रयोग कोणी आपल्याकडे करू गेले तर फसेल. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया किंवा त्याहून मोठ्या नाण्यांनी एक हजार रुपयांपर्यंतचीच देणी कायदेशीररीत्या भागवता येतात.

कायदा बदलला तो नंतर

चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर तीन महिन्यांनी, २२ मे २००९ रोजी, अमेरिकेत क्रेडिट कार्डांविषयीच्या नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केली. त्याच्या बहुतेक तरतुदी फेब्रुवारी २०१० पासून लागू झाल्या. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल, आणि तीन वर्षांत फेडायचे असल्यास दरमहा किती भरावे लागेल, हे दोन्ही आकडे तेव्हापासून मासिक बिलावर छापावे लागतात. वर काढलेला ५७८ डॉलरचा आकडा रेबेकाला वर्षभर नंतर आयता छापून मिळाला असता.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांतही याच धर्तीची सूचना आहे. केवळ किमान रक्कम भरल्यास परतफेड लांबत जाईल आणि चक्रवाढ व्याज लागेल, असा इशारा बिलात द्यावा लागतो, आणि किमान रक्कम अशी ठरवावी लागते की थकबाकी उलट वाढत जाऊ नये. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, असेही त्याच वर्षी बजावण्यात आले. आपले दर मात्र अमेरिकेपेक्षा खूपच चढे आहेत. दरमहा साडेतीन टक्के दराने एक लाख रुपयांच्या थकबाकीवर ३,५०० रुपये व्याज होते, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये लागतात. किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ५,००० रुपये असेल, तर ती भरूनही मुद्दल फिटते ते ८७० रुपये. ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारण्याला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली अनुचित ठरवले होते, पण तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

फाइलमधील उरलेली पाने

चित्रपट संपतो तेव्हा रेबेका ल्यूकच्या नव्या कंपनीत काम करत असते, सूझचे लग्न पार पडलेले असते, आणि स्कार्फही तिच्याकडे परत आलेला असतो. बारा कार्डांचे पुढे काय झाले, ती बंद केली की नुसतीच रिकामी झाली, याचा उल्लेख कुठेही नाही. यापूर्वी एकदा तिने कार्ड बर्फाच्या लादीत गोठवून ठेवले होते, आणि मोह अनावर होताच बर्फ फोडून बाहेरही काढले होते. तेव्हा हा प्रश्न गैरलागू नाही. शून्यावर आलेले कार्ड बँकेच्या दृष्टीने उत्तम ग्राहकाचे कार्ड असते, आणि अशा ग्राहकाला मर्यादा वाढवून देण्याचे पत्र लवकरच येते.

दुसरी नोंद पतअहवालाची, म्हणजे माणसाच्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदवहीची. अमेरिकेच्या कायद्यानुसार उशिरा भरलेले हप्ते आणि वसुलीला गेलेली खाती पतअहवालात साधारणपणे सात वर्षे दिसत राहतात. पूर्ण रक्कम चुकती केली म्हणून जुनी नोंद पुसली जात नाही, फक्त तिच्यापुढे 'भरली' असा शेरा येतो. न्यूयॉर्कमध्ये घर भाड्याने देताना घरमालक हा अहवाल मागवतात. सूझ लग्न करून गेल्यावर रेबेकाला नवे घर शोधावे लागले असेल, तर २००९ मध्ये मिटलेले हे प्रकरण २०१६ च्या आसपासपर्यंत तिच्या प्रत्येक अर्जासोबत घरमालकाच्या टेबलावर गेले असेल.